झरोक्यातली भाकरी

प्लेगाच्या साली सरकारी हुकुमानं अख्खं बुऱ्हाणपूर ओस पडलं. माणसं दापोऱ्याच्या शेतांत झोपड्या घालून राहिली. अशा रिकाम्या गावात सुकलाल भर दुपारी बैलगाडी घेऊन शिरला, तो बहिणीच्या सासूला आणायला.

झालं असं होतं, की निघायच्या धांदलीत तिच्या एका मुलाला, पंडितला, वाटलं आई त्याच्या भावाच्या, दगाच्या गाडीत आहे, आणि दगाला वाटलं ती पंडितच्या. दोघांच्या झोपड्या शिवाराच्या दोन टोकांना. तिसऱ्या दिवशी भाऊ भेटले, तेव्हा आई कुठंच नव्हती. दोघं एकमेकांना बोल लावत बसले. सुकलालनं बैल जुंपले. गडी निधड्या छातीचा. त्यांच्या मोहल्ल्यातली, राजपुऱ्यातली अकरा प्रेतं त्यानंच तापीवर पोचवली होती. आता बारावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

राजपुऱ्यात मेलेल्या उंदरांचा वास कोंडला होता. उघड्या दारांतून हाका देत, आत डोकावत तो पुढं सरकला. एका घरात दळण जात्यातच राहिलेलं, दुसऱ्यात पाळण्याला झबलं लटकलेलं. ओ कुणाचीच नाही.

पंडितच्या दाराला बाहेरून कडी होती. ती काढून तो आत गेला. स्वयंपाकघराच्या अंधारात धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली होती. जिवंत, आणि चांगली टवटवीत.

त्यानं शिदोरी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली.

"पोट भरलंय, भाऊ. सोजर देते ना दोन्ही वेळा."

शेजारघराच्या सामाईक भिंतीत एक झरोका होता. बाया त्यातून विस्तव, ताक द्यायच्या. आता त्यात अर्धी भाकरी होती. सुकलालनं हात लावला. ऊन होती.

शेजारची सोजरबाई त्या अकरा प्रेतांतलीच. त्यानं स्वतः खांदा दिला होता तिला.

कुणीतरी लपून राहिलं असेल, असं म्हणत तो शेजारच्या घरात गेला. चूल थंडगार, परातीत कोळ्याचं जाळं. जमिनीवर प्लेग कमिटीच्या माणसांनी टाकलेला चुना होता, आणि त्या चुन्यात पावलं फक्त त्याचीच. तो झरोक्यापाशी थांबला. पलीकडून म्हातारी हळू आवाजात बोलू लागली.

"सोजर... मला न्यायला आलेत गं..."

सुकलालनं झरोक्याला कान लावला.

"हो... बरं... सांगते त्याला."

तो परतला, तेव्हा ती काठी घेऊन तयारच होती. त्यानं शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, "काय सांगायचंय, मावशी?"

"तू तिच्या शेजारीच तर उभा होतास. ऐकलं नाहीस?" म्हातारी म्हणाली. "आज एक भाकरी जास्त टाकलीय म्हणाली."

"कुणासाठी...?"

"आपल्यातलंच कुणी तिच्याकडं येतंय म्हणे. नाव नाही घेतलं."

त्यानं तिला उचलून गाडीत बसवलं आणि बैल पिटाळले. दापोऱ्याचं शिवार आलं. दुरूनच झोपड्यांपाशी माणसं गोळा झालेली दिसली. पंडितच्या टोकाला की दगाच्या, ते अजून कळत नव्हतं.

सुकलालनं कासरा ओढला आणि बैलांना पायापायानं चालू दिलं.