संपलेल्या कामांची गर्दी

"तिने माफीनाम्यावर सही केलीये," मुख्य अभियंता म्हणाले. "आता शोधायचं काय राहिलं?"

मामांनी मान खाली घातली. तो माफीनामा त्यांनीच भाचीकडून लिहून घेतला होता. नोकरी तरी वाचेल, असा त्यांचा हिशेब. झालं उलटंच, तिला काढायचं ठरलं. मग धावतपळत त्यांनी गुप्तहेर बाईंना गाठलं. बाईंच्या मदतीला ते नेहमीच असत, फक्त त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटायची.

काल सकाळी रुग्णालयाचा संगणक अडला होता. प्रत्येक कामाची नोंद ठेवणारा त्याचा तक्ता काठोकाठ भरला, नवं काम सुरू होईना, तपासण्यांचे अहवाल लटकले. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागलं.

"मेमरी संपली होती?" बाईंनी विचारलं.

"छे, बरीचशी मोकळी होती. यंत्र अगदी निवांत."

भाची कोपऱ्यात उभी होती. मामांकडे तिने पाहिलंही नाही. "जुने अहवाल शोधायला मी बरीच कामं लावली होती. पण ठरावीक मर्यादेपुढे मला लावताच येत नाहीत. सरांचं मुख्य खातं सोडलं तर सगळ्यांनाच मर्यादा आहे."

"आणि तक्त्यावर माझा पहारा आहे," अभियंत्यांनी सांगितलं. "गेल्याच महिन्यात मुख्य खात्यातून बसवला. माझा प्रोग्राम दर मिनिटाला एक छोटं काम पाठवून चालू कामं मोजतो. कालही आकडा नेहमीचाच होता."

"म्हणजे चूक हिचीच," मामा पुटपुटले, आणि लगेच ओशाळले.

"मामा, आकडा नेहमीचा आणि तक्ता भरलेला, हे जमतं कसं?" बाई म्हणाल्या. "जागा अडवणारी कामं चालूच नव्हती, म्हणून. ती संपलेली होती. संपलेलं काम मेमरी सोडतं, पण ते ज्या प्रोग्रामने सुरू केलं, तो त्याची विचारपूस करेपर्यंत, किंवा स्वतःच बंद होईपर्यंत, तक्त्यातली जागा सोडत नाही. हिची कामं मर्यादेत अडली असती. अख्खा तक्ता भरू शकेल असं खातं एकच. त्यातून सतत कामं पाठवतो कोण? साहेब, तुमचा पहारेकरी बंद करून बघा."

अभियंत्यांनी तक्ता उघडला. संपलेल्या कामांची रांग पुन्हा लागली होती. प्रोग्राम बंद केला, आणि रांग नाहीशी झाली.

"विचारपुशीची एक ओळ लिहायची राहिली माझ्याकडून," ते हळूच म्हणाले. "आणि शिक्षा हिला देत होतो." त्यांनी माफीनामा फाडला.

मामा भाचीजवळ गेले. "सुटलीस गं बाई एकदाची."

"सरांनी निदान बोलावून विचारलं तरी होतं, काय झालं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही सरळ कागद पुढे केलात, मामा."

आपण हिच्यावर विश्वास ठेवला नाही, आत्ता इथेसुद्धा नाही, हे मामांना लख्ख कळत होतं.

भाचीने पर्स खांद्याला लावली. "बाई, घरापर्यंत सोबत याल का माझ्या?"

मामांना तिने विचारलं नाही.