ढोलीतली बाळंतीण

धोंडीराम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. येवल्याकडचा, जंगलखात्यात गार्ड म्हणून लागलेला, पेठच्या डोंगरात बदली झाली तेव्हा बायकोला घेऊन निमूट आलेला. शहात्तर सालच्या चैत्रात साहेबांनी त्याला कामाला जुंपलं होतं. तोडायच्या झाडाची साल तासायची आणि त्यावर शिक्क्याचा हातोडा हाणायचा. शेवटच्या दिवशी यादीला एक झाड कमी पडलं. घरी सगुणाबाईचे दिवस भरत आले होते, आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती, आणि धोंडीरामचा सगळा जीव घराकडे लागलेला. समोर जुना बेहडा दिसला, तसा तो तिकडे वळला.

"ह्याला नको ठोकू, साहेब," सोबतचा मजूर मंगळू म्हणाला. "ढोलीत बाळंतीण हाय."

मंगळूने वर बोट दाखवलं. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं, मधे फक्त बोटभर फट. धनेश पक्ष्याची मादी स्वतःला अशी कोंडून घेते. आत तिचे पंख गळतात, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला भरवतो. 

"ढोलीचं झाड ह्या डोंगरावर आता हे एकच राह्यलं," मंगळू म्हणाला.

"पाखराच्या बाळंतपणापायी मी माझ्या बायकोचं सोडू व्हय रे?" धोंडीराम हसला आणि त्याने हातोडा हाणला. 

चौथ्या दिवशी बेहडा पडला. ढोली फुटली. आत मादी होती आणि दोन उघडीवाघडी पिल्लं. मादी उडाली नाही. उडायला तिच्याकडे होतं काय? तिघंही तासाभरात गेली.

नर मात्र येतच राहिला. चोचीत उंबर धरून यायचा, जिथे ढोलीचं तोंड होतं त्या उंचीवर रिकाम्या हवेत फडफडत थांबायचा आणि चोच पुढे करायचा. उंबर खाली खुंटावर पडायचं. तो पुन्हा जायचा, पुन्हा आणायचा. धोंडीरामला ते बघवत नसे, तरी रोज त्याचे पाय तिकडेच वळायचे. नवव्या दिवशी नर खुंटापाशी मरून पडलेला दिसला. धोंडीरामने खड्डा करून त्याला पुरलं आणि घरी त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

त्याच आठवड्यात सगुणाबाईला मुलगी झाली. रडली, दूध प्यायली, जगली. धोंडीरामने देवापुढे डोकं टेकलं. सुईण आक्काबाईने मायलेकींना मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. तिथे एकच लहानशी खिडकी होती.

पाचवीच्या दिवशी आक्काबाई त्याच्यावर डाफरली. "बाळंतिणीला उंबरं कशापायी देता, गार्डसाहेब? उशाला ढीग पडलाय. आन् केस मूठमूठ गळत्यात तिचे."

त्याने एकही उंबर आणलं नव्हतं. आणणार कुठून? आसपासची उंबराची झाडं त्याच्याच हातोड्याने गेली होती. तो खिडकीशी गेला. भर दुपार होती, पाचोळासुद्धा हलत नव्हता. आतून ओल्या मातीचा वास आला.

"सगुणा, उंबरं कोण देतं?"

"असं काय करता? तुम्हीच तर देता दुपारचं... फटीतनं."

"कुठली फट? खिडकी तर सताड उघडी हाय."

"हाय खरी..." ती थकल्या आवाजात म्हणाली. "बुजवायला पायजे."

बारशाच्या दिवशी खोलीचं दार उघडेना. आतली जमीन उकरून दाराच्या साऱ्या फटी लिंपलेल्या होत्या. खिडकीही बंद झाली होती, मधे बोटभर जागा तेवढी मोकळी. आक्काबाईने हाका मारल्या, मंगळूने मारल्या. धोंडीरामने कुऱ्हाड आणली आणि उगारली.

"नका ना फोडू..." आतून सगुणाबाईचा आवाज आला. "एकदा फोडलंत ना."

कुऱ्हाड त्याच्या हातून गळून पडली. मग तो तिथेच उंबरठ्याशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्या पाखरासाठी रडला, पिल्लांसाठी रडला, ज्या दिवशी रडायला हवं होतं त्या दिवशी हसला होता म्हणून रडला.

"आता तूच भरव, साहेब," मंगळू म्हणाला. "दुसरं कोण हाय तिला?"

दोन डोंगर ओलांडून, पार तळाच्या नाल्यात, एक उंबर शिल्लक होतं. धोंडीराम तिथून उपरण्यात फळं बांधून घेऊन आला तेव्हा ऊन उतरत होतं. त्याने एक फळ फटीत धरलं. आत बांगड्या किणकिणल्या आणि सगुणाबाईने ते अलगद घेतलं. तिच्या बोटांचा ओळखीचा स्पर्श झाला, तेव्हा कुठे त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. आतल्या कोपऱ्यात त्याची लेक कुरकुरत होती.

"अजून दोन द्या," सगुणाबाई म्हणाली.

"दोन कोणाला?"

"पोरं भुकेली हायेत हो..."

धोंडीरामला एकच मुलगी होती. त्याने फटीत आणखी एक उंबर धरलं, मग दुसरं. दोन्ही त्याच्या बोटांतून ओढून घेतली गेली. बांगड्या वाजल्या नाहीत.