अठ्ठावीस डिग्री

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मला कोणाला पटवायचं नाही. पण झालं ते असंच झालं, आणि ते माझ्याच हातून झालं.

मागच्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार, दुपारचे पावणेदोन. हुडकेश्वरच्या एका नव्या लेआउटमधली एकटी खोली.

मी शवविच्छेदन विभागात मदतनीस आहे. प्रेतावरच्या अळ्या गोळा करणं हे माझं काम. माशी अंडी घालते, अळ्या निघतात. अळी किती वाढली, त्यावरून मरण कधी आलं ते डॉक्टरसाहेब सांगतात. पण उकाड्यात अळी भराभर वाढते, गारव्यात हळू. म्हणून खोलीचं तापमान लिहावंच लागतं.

आत कांताबाई होत्या. डोक्यावर मार लागला होता. चेहरा उरलाच नव्हता. भिंतीवरच्या फोटोत तेवढ्या हसत होत्या.

"थांब गा, जीव चालला वासानं," हवालदार धर्मेंद्र म्हणाला. "पह्यले कूलर लावू दे."

त्यानं लावला. मी बाहेर जाऊन ओकलो. अर्ध्या तासानं आत आलो, तापमापक टांगला.

अठ्ठावीस.

कूलर बंद करून तासभर थांबायला हवं होतं. मला ते माहीत होतं बाप्पा! पण त्या वासात कोण थांबतो?

लिहून टाकलं. अठ्ठावीस.

अहवाल आला. अठ्ठावीसच्या हिशेबानं मरण रविवारी.

रविवारी कांताबाईंचा भाचा प्रीतम त्यांच्याशी कडाक्यानं भांडला होता. गल्लीनं ऐकलं होतं. सोमवारपासून तो मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर होता, तिथंच झोपत होता. पण त्याचा आता काय उपयोग? त्याला उचललं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको मिनल आमच्या विभागाच्या दारात आली.

"जय भीम भाऊ. तिथं तुम्हीच होते न? काही चुकलं तर नाही न? यायनं मावशीले नाही मारलं जी."

मी म्हटलं, "नाही. काही चुकलं नाही."

ती गेली. मी आत येऊन बसलो. जेवणाची सुट्टी होती, विभागात कोणी नव्हतं. लाइट गेलेली. कूलर बंद. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

समोर काचेची बरणी. त्या खोलीतल्या काही अळ्या मी कलेजीवर जिवंत वाढवल्या होत्या. त्यांच्या आता माशा झाल्या होत्या. घूं घूं चाललेलं.

आणि ते एकदम थांबलं...

माशा मेल्या नव्हत्या. सगळ्या काचेला चिकटून बसल्या होत्या. माझ्याच बाजूला.

मानेवर गार वारा आला. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास...

भिंतीवरच्या तापमापकातला पारा उतरू लागला. एक्केचाळीस. छत्तीस. तीस...

अठ्ठावीसवर थांबला.

"भाऊ..."

आवाज अगदी कानाजवळ होता. थकलेल्या बाईचा.

"कूलर बंद होता गा. मंगळवारी लई उकडून राहिलं होतं..."

मंगळवारी! तेव्हा तर प्रीतम मिहानमध्ये होता.

मी वळलो. कोणी नव्हतं. त्या दिवशी मी चप्पल तिथंच टाकून पळालो.

यंदा मार्चमध्ये मला साक्षीला बोलावलं. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, शपथेवर सांगतो. मिनल मागच्या बाकावर होती.

तिच्या शेजारी आणखी एक बाई बसली होती. चेहरा फोटोतला. पण हसत नव्हती...

वकिलानं विचारलं, "खोलीचं तापमान किती होतं?"

त्या बाईनं माझ्यासमोर हात जोडले.

मेलेल्या माणसानं, माझ्यासमोर. मला नोकरी दिसली, पोरगी पिंकी दिसली, खोटं लिहिल्याची चौकशी दिसली. तोंडातून निघालं, "अठ्ठावीस."

तिनं हात हळूच खाली घेतले. पुन्हा पाहिलं तर बाकावर मिनल एकटीच होती.

त्यानंतर ती बाई मला कधी दिसली नाही. आवाज नाही, वारा नाही, काहीच नाही. भुतानंही माझा नाद सोडला, हेच मला सहन होत नाही.

प्रीतम अजून आतच आहे. मी रोज खरं सांगायला डॉक्टरसाहेबांच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. आजही गेलो होतो.