रिकामी फेरी

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना गप्प बसणं कधी जमलंच नाही. समोरचा माणूस शब्द शोधत असला की यांना तो आधीच सापडलेला असायचा, आणि तो त्याच्या तोंडात घालून त्या मोकळ्या व्हायच्या. गिऱ्हाईक तक्त्यावरचं अक्षर ओळखायला डोळे बारीक करायचं, तोवर बाईच ते सांगून टाकायच्या आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायच्या. नवरा म्हणायचा, "हिच्या बोलण्यातला पूर्णविराम शोधायचा तर दुकानातलं सगळ्यात जाड भिंग लागेल." त्यावर बाई स्वतःही हसायच्या. लेक मात्र हसायची नाही.

लेक नोकरी सोडून अचानक घरी आली होती. का सोडली ते सांगत नव्हती. एकदा सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात येऊन बसली, "आई, तिथं ना..." एवढंच म्हणाली, आणि बाईंनी पुढचं सगळं ओतलं. साहेब खडूस असेल, राबवून घेत असतील, जेवणाचे हाल होत असतील, मी तेव्हाच म्हटलं होतं. लेक ऐकत राहिली आणि मग उठली.

"तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यांना एकच घोर होता, पोरीच्या पोटात काय आहे ते तिनं आपल्याला सांगावं.

ऑनलाइन जॅझचा वर्गही लेकीनंच शोधून दिला. "माझ्यामागे लागण्यापेक्षा काहीतरी शीक," म्हणाली. बाई लहानपणी पियानो शिकल्या होत्या. कागदावर लिहिलेलं असेल तर काहीही वाजवायच्या, पण कागद काढून घेतला की बोटं गोठायची. वर्ग मुळी त्यासाठीच होता. आयत्या वेळी मनात येईल ते वाजवायचं, तेही ताल न सोडता.

शिकवणारे दोघं. सॅक्सोफोन वाजवणारे मास्तर आणि ड्रमवाले काका. दोघांनी उभी हयात एका हॉटेलच्या बँडमध्ये काढली होती. आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते आपापल्या घरात बसून पडद्यावर शिकवायचे. विद्यार्थी चार-पाच. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की बाई बैठकीच्या खोलीत पियानोसारख्या कीबोर्डसमोर लॅपटॉप उघडायच्या आणि पडद्यावर एकेक चौकोन उजळायचा. जो बोलेल किंवा वाजवेल त्याच्या चौकोनाभोवती हिरवी रेघ पेटायची.

"इथं सगळ्यांनी एकदम वाजवायचं नाही," मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आवाज तारेतून पोचतो तो उशिरा पोचतो. एकानं तुकडा वाजवायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. ज्याची पाळी त्यालाच वाजवू द्यायचं. चष्मेवाल्या बाई, हे खास तुमच्यासाठी."

बाई ओशाळून हसल्या. त्या जात्याच चुळबुळ्या; दुसऱ्याची पाळी चालू असताना त्यांची बोटं मांडीवर वाजत राहायची. पण शिकता शिकता त्यांना गोडी लागली. मास्तरांचं एखादं उत्तर ऐकून अंगावर काटा यायचा, आणि आपल्यालाही असं कधीतरी सुचेल का, या विचारानं त्या आठवडाभर अस्वस्थ राहायच्या.

मग तो रविवार आला. त्या दिवशी पहिल्यांदाच एक अख्खी धून सुरुवातीपासून शेवटापर्यंत घ्यायची होती. एक फेरी म्हणजे एकाची पाळी; फेरीमागून फेरी, प्रत्येकाची पाळी झाली, मास्तरांनी आपलं संपवलं, आणि एकदम सगळं थांबलं.

पडद्यावर कुणी हलेना. मास्तरांचे डोळे मिटलेले, काकांच्या काठ्या मांडीवर आडव्या, बाकीचे चौकोन चित्रासारखे. बाईंनी पडद्यावर टिचकी मारली. लाइन गेली, त्यांना वाटलं. नेहमी जायची, त्यात नवल काही नव्हतं. आपण एकट्याच आहोत, कुणी ऐकत नाही, असं वाटलं आणि बाईंची बोटं आपसूक पट्ट्यांवर गेली.

काय वाजवलं ते त्यांना सांगता आलं नसतं. पण तसं त्यांनी उभ्या आयुष्यात वाजवलं नव्हतं. एक सूर दुसऱ्याला शोधत जात होता आणि नेमका सापडत होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हात थांबले तेव्हा खोलीत पितळ घासल्यासारखा, किंचित आंबूस वास आला आणि लगेच गेला.

त्यांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. लाइन कुठंही गेली नव्हती.

"बाई," मास्तरांचा आवाज बसला होता. "ती फेरी रिकामी ठेवायची असते."

"अगं बाई! मला वाटलं..."

"चूक माझी. आधी सांगायला हवं होतं. आमच्यात एक होता, पितळी ट्रम्पेट वाजवायचा, तो वारला. त्याची फेरी आम्ही अजून ठेवतो. पायानं ठेका धरायचा आणि गप्प बसायचं. आजवर तीत कुणी वाजवलं नाही."

 ड्रमवाले काका पडद्याच्या अगदी जवळ आले. "मास्तर, उशीर नव्हता," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"बाईंचा आवाज नेहमी मागून येतो. आज माझ्या पायाच्या ठेक्यावर पडत होता. जरासुद्धा मागे नाही. माझ्याच खोलीत कुणी वाजवावं तसा."

पुढच्या वर्गात छोट्या तुकड्यांचे सवाल-जवाब होते. मास्तरांनी तुकडा वाजवला, बाईंना पाळी दिली. बाई क्षणभर थबकल्या, काहीतरी जुळवत होत्या, तेवढ्यात मास्तरांनी मान डोलावली. "वा! पुढे कोण?"

"अहो, मी वाजवलंच नाही अजून," बाई म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही. त्यांचा माईक बंद होता. बाहेर कुत्रं भुंकत होतं म्हणून त्यांनीच तो मघाशी बंद केला होता.

बाईंनी ते मनावर घेतलं नाही. घ्यायचं नाही असं ठरवलं. पण दुकानातही काहीतरी बिनसलं. तक्त्यासमोर बसलेले आजोबा त्यांनी तोंड उघडायच्या आत खालची ओळ वाचू लागले. "आजोबा, मी सांगितल्यावर वाचा." "आत्ताच तर म्हणालात, खालची वाचा म्हणून." बाई भिंगांची पेटी हातात धरून उभ्याच राहिल्या. घरी नवऱ्याला हाक मारायला जावं तर तो आधीच ओ देत यायचा. "हाका मारतेस आणि वर अशी बघतेस काय?" बोलायला जावं तर समोरच्याला उत्तर मिळालेलं असायचं. कुणी दिलं, कधी दिलं, काही कळायचं नाही. बाईंना घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. या खोलीतून त्या खोलीत त्या नुसत्या फिरत राहायच्या.

गंमत म्हणजे घर खूश होतं. "हल्ली किती शांतपणे ऐकतेस गं," नवरा म्हणाला. "आधीच का नाही शिकलीस ते जॅझ?"

आणि मग एका सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. मागून बाईंच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकलं. किती महिन्यांनी पोर अशी जवळ आली होती.

"आई, काल सगळं सांगितलं ना तुला, त्यानं हलकं वाटलं. रात्री शांत झोप लागली." तिनं मिठी घट्ट केली. "तू एकदाही मध्ये बोलली नाहीस. आणि शेवटी जे म्हणालीस ना... तसं मला कुणीच म्हटलं नव्हतं."

बाईंचे हात ओट्यावर तसेच राहिले. काल त्या दिवसभर दुकानात होत्या आणि आल्यावर डोकं धरून झोपल्या होत्या. पोरीनं काय सांगितलं? आपण काय म्हणालो? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ते गळ्यातले हात गळून पडले असते. त्यांनी फक्त मान हलवली. आतून मात्र मत्सर वाटला, आणि आपल्याच मत्सराची लाजही वाटली.

लेकीच्या केसांना पितळेचा वास येत होता.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो असाच होता," ते म्हणाले. "त्याच्यासारखं ऐकणारं कुणी नव्हतं. माणसं त्याच्याजवळ मन मोकळं करायची. माझी बायकोसुद्धा. आणि मग... मग ती माणसं पुन्हा आपल्याशी पहिल्यासारखी बोलायची नाहीत."

"मास्तर, माझी पोर आहे हो ती."

"तुम्ही त्याची पाळी घेतलीत, बाई. तो तुमची घेतोय. ती परत करा. रविवारी रिकामी फेरी येईल तेव्हा गप्प बसा. काही झालं तरी. फेरी संपली की मी हात वर करीन, तोवर ब्रसुद्धा काढू नका."

रविवारी दुपारी बाई लॅपटॉपसमोर बसल्या. नवरा बाहेर गेला होता, लेक तिच्या खोलीत होती. धून सुरू झाली, पाळ्या झाल्या, मास्तरांनी सॅक्सोफोन खाली ठेवला आणि डोळे मिटले. काकांनी काठ्या आडव्या केल्या.

फेरी सुरू झाली.

बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. पायाच्या अंगठ्यानं त्या ठेका मोजू लागल्या.  फ्रिज घुरघुरत होता. मास्तरांच्या मागचा खिडकीचा पडदा वाऱ्यानं जरासा हलला.

"आई?" आतल्या खोलीतून लेकीनं हाक मारली.

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"आई, एक सांगायचं राहिलं होतं. येतेस?" आवाज रडवेला होता.

जीभ दातांखाली धरून बाई ठेका मोजत राहिल्या. आणखी थोडं, एवढी फेरी निघू दे, मग येतेच गं.

"आले, बोल," स्वयंपाकघरातून बाईंचाच आवाज आला. चप्पल फरफटत गेल्याचा आवाज झाला, बाईंच्या चपलेचा. लेकीच्या खोलीचं दार करकरलं.

आत हलकी कुजबुज सुरू झाली. लेक बोलत होती, थांबत होती, रडत होती, आणि मध्ये कुणी तिला तोडत नव्हतं.

बाईंनी मोजलं. फेरी केव्हाच संपायला हवी होती. मास्तरांचा हात वर झाला नव्हता. डोळे मिटलेलेच. त्यांच्या मागचा पडदा अर्धा उडालेला, तसाच हवेत थांबलेला. काकांची पापणीही लवत नव्हती. लाइन गेली असेल. मग उठायला हरकत नव्हती, धावत जाऊन दार उघडायला, पोरीला हाक मारायला. पण मागच्या वेळीही त्यांना अगदी असंच वाटलं होतं.

आत लेक रडता रडता हसली. "आई, तू आता अशीच राहा हं," ती म्हणाली.

बाईंनी तोंडावर हात दाबून धरला आणि पडद्याकडे पाहिलं. सगळे चौकोन निश्चल होते. फक्त एकाभोवती हिरवी रेघ पेटली होती, बोलणाऱ्याभोवती पेटते तशी, आतून येणाऱ्या त्यांच्याच आवाजातल्या शब्दागणिक लुकलुकत. त्या चौकोनात त्या स्वतःच बसल्या होत्या, तोंडावर हात दाबून.