नंबरचा गॉगल

ऐका तर! चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवालीला त्या सकाळी अख्खा तलाव पोहून पार करायचा होता. या काठापासून त्या काठापर्यंत, जवळजवळ चार किलोमीटर, दोन तास वीस मिनिटांच्या आत. जमलं तर तीन आठवड्यांनी मोठ्या ट्रायथलॉनला उतरायचं, नाही जमलं तर नाव मागे घ्यायचं. आयोजकांना तसा मेसेज टाइप करून तिनं फोन दिराकडे देऊनही टाकला होता. गेल्या वर्षी शर्यतीत ती घोळक्यातून सुटली, एकटी पडली, घाबरली आणि निम्म्यातच हात वर करून मोकळी झाली. ते वर्षभर खुपत होतं तिला.

दीर होडीतून शेजारून येणार होता, पण तोंडाला कुलूप लावून. "शर्यतीत कुणी वाट दाखवत नाही, वहिनी. हात वर केलास की आलोच. पण मग मेसेज जाणार."

पुढे पोहणार होते तिला शिकवणारे मास्तर. त्यांचं म्हणणं एकच, माझ्या पायांमागे राहा, पाणी मी कापतो, तुझा दम वाचेल. तिनं गॉगलला स्वतःच्या डोळ्यांचा नंबर बसवलेला पाहून तर ते पोट धरून हसले. "पोहायला डोळे कशाला लागतात? माझे पाय दिसले की पुरे."

लांबून दिसावं म्हणून दोघांनी कमरेला केशरी फुगे बांधले आणि उतरले!

पहिला तास झकास गेला. पुढे मास्तरांच्या पायांचे बुडबुडे, लांब लांब शांत हात, श्वास पाण्यातच सोडायचा, आणि लाटा डावीकडून येतात म्हणून तोंड उजवीकडे काढायचं. खाली हिरवंगार, गार, तळ म्हणून नाहीच. मग तिनं मगरीसारखे नुसते डोळे वर काढले. समोर पलीकडच्या काठावरची पाण्याची पांढरी टाकी दिसायला हवी होती, तिथंच तर पोचायचं होतं.

समोर लव्हाळं! टाकी पार डावीकडे!

मास्तर वाऱ्याबरोबर वाहवत चालले होते. तिनं त्यांचा घोटा धरला. फाडकन लाथ बसली! त्यांना वाटलं, ही फार जवळ आली. ते आणखी जोरात सुटले.

तिनं होडीकडे पाहिलं. दीर आभाळ बघत होता.

मास्तरांच्या पायांमागे सोबत होती. टाकीकडे समोरून वारा, आणि ती एकटी. अगदी गेल्या वर्षीसारखी. हात आपसूक वर निघाला...

तो हात तिनं समोरच्या लाटेत खुपसला! मग दुसरा. वीस हात, टाकी बघ. वीस हात, टाकी बघ. पाणी नाकातोंडात गेलं. थुंकली. खांदे पेटले. टाकी मोठी झाली. गुडघे वाळूला लागले!

दिरानं घड्याळ दाखवलं. दोन तास सतरा. तिनं फोन मागून घेतला आणि मेसेज पुसला.

अकरा मिनिटांनी डोक्यावर शेवाळ घेऊन मास्तर आले. "सांगायचं नाही का?"

"पाय धरला होता की. लाथ मारलीत."

त्यांचा गॉगल घेऊन तिनं उजेडात धरला, दुकानात धरते तसा. आत धुकंच धुकं.

"उद्या दुकानात या, मास्तर. शर्यतीला तीनच आठवडे राहिलेत."