एल्वीच्या दारावरची चार पुस्तकं

"आई, एल्वीच्या दाराला पुस्तकांची पिशवी अजून लटकतेय. धुक्यात." सोमवारी सकाळी टीरा मला म्हणाली. एरवी मी मुलगी शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी बाई. पण त्या दिवशी म्हणाले, "बहिणीकडे गेली असेल. न कळवता कुणाचं दार वाजवायचं नसतं." आमच्या तेर्नो बेटावर सभ्यपणा इथूनच सुरू होतो.

टीरा वाचनालयात पोचली, तर तिच्या मंडळातल्या फोल्के आणि नूरची जुंपलेली. शाळांना वाचनसुट्टी लागली होती आणि मुलांच्या वाचनमंडळाला शुक्रवारी हिवाळ्याची कादंबरी निवडायची होती.

"घोड्यांची नको," फोल्के म्हणाला. "गेल्या वर्षी दोन घोडे झाले."

"आणि तुझे तीन ड्रॅगन?" नूर म्हणाली. "त्यांचं पहिलं पान तरी वाचलंस का?"

"मुखपृष्ठ वाचलं होतं. नीट."

निवाडा एल्वीचा असायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात घालवलेली, ऐंशीला टेकलेली एल्वी निवडीतल्या पाचही कादंबऱ्या आधी वाचायची आणि प्रत्येकीत चिठ्ठी ठेवायची : 'कॉफी बाराव्या पानावर गार झाली.' कॉफी जितक्या लवकर विसरली जाईल, तितकी गोष्ट झकास. ग्रंथपाल काय्सानं आदल्या दुपारीच ती पाच पुस्तकं तिच्या दाराला अडकवली होती.

"पिशवीत आता चारच आहेत," टीरा म्हणाली. "मी डोकावून पाहिलं."

"मग एक घेऊन गेली असेल बहिणीकडे," काय्सा म्हणाली. "फोनही उचलत नाहीये. उगाच त्रास देऊ नका तिला."

"पुस्तकाला हात लावण्याआधी एल्वी दोनदा हात पुसते. ती चार पुस्तकं रात्रभर ओलीत ठेवेल?"

काय्सानं खांदे उडवले. तेवढ्यात नूर साळसूदपणे म्हणाली, "आम्ही एल्वीकडे जातच नाही आहोत. पुस्तकं वाचनालयाची आहेत. ती भिजू नयेत म्हणून आणायला जातोय."

आणि तिघं निघाली.

एल्वीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. हाका मारल्या, उत्तर नाही. स्वयंपाकघरात कॉफीचा कप काठोकाठ भरलेला, गारढोण. शेजारी दोन वॉफल.

"चांगले बूट इथेच आहेत. रबरी बूट नाहीत," फोल्के म्हणाला. "रबरी बूट घालून कोण पाहुणं जातं?"

नूर टेबलाकडे बघत होती. "जॅमची वाटी रिकामी आहे. एल्वी जॅम कुठे ठेवते?"

तिघं परसात धावली. तिथे टेकाडात खणलेलं, बटाटे आणि जॅम ठेवायचं तळघर होतं. वाऱ्यानं दार आपटून बाहेरची कडी पडली होती. नूरनं कडी उचलली, दोघांनी दार ओढलं.

आत एल्वी बटाट्यांच्या गोण्या पांघरून बसली होती. घोटा टम्म सुजलेला, ओठ निळे.

"टीरा, पळ. आईला आण," नूर म्हणाली. फोल्केनं स्वतःचं जाकीट काढून एल्वीच्या पायांभोवती गुंडाळलं.

मी ब्लँकेटं घेऊन धावले, मागोमाग नर्स आणि काय्साही आल्या. एल्वीनं हळूहळू सांगितलं : जॅम आणायला निघताना पिशवीतून एक पुस्तक सहज काढलं, बाकीची परतताना आत नेऊ म्हटलं. तळघरात दार बंद झालं आणि अंधारात खिशातला टॉर्च चाचपडताना ती पायरीवरून घसरली.

"आज रात्री पाणी गोठणार आहे," नर्स म्हणाली. "आणखी एक रात्र तिनं काढली नसती. शाबास रे पोरांनो. आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते."

काय्सा मान खाली घालून उभी होती. मीही.

"आणि हे पुस्तक निवडू नका," एल्वी कापऱ्या आवाजात म्हणाली. "टॉर्च विझेपर्यंत त्र्याण्णव पानं वाचली. कुणी कोंडून घातलं, तरच वाचून होईल."

फोल्केचा चेहरा पडला. "त्यात ड्रॅगन येतो ना?"

"त्र्याण्णव पानांत तर नाही आला बाबा."

शुक्रवारी मंडळ तिच्या पलंगाभोवतीच भरलं. दीपगृहातल्या चोराची कादंबरी निवडली गेली, तीही भांडूनच.

आता तुम्हाला एक विचारते. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत एकटं राहणारं कुणी आहे? आज ते दिसलंय का? नसेल, तर हे पान इथेच मिटा आणि बघून या. कुणी म्हणालं, "उगाच त्रास देऊ नका," तर सांगा, टीराच्या आईनं पाठवलंय.