बंक बेचाळीस, वरचा

वाफेने भांडी निर्जंतुक करायचं यंत्र बंद होतं, झाकण उघडं होतं, आत वाफेचा मागमूसही नव्हता. तरी दाबमापकाचा काटा शून्यावर आला नव्हता. शून्याच्या पुढे, साधारण दोन मिलिमीटरवर, तो थांबून राहिला होता. पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत ती आठ वर्षं काम करत होती आणि या दोन मिलिमीटरची नोंद तिने सलग तीन सोमवार केली होती. चौथ्या सोमवारी तिने दुरुस्तीच्या वर्कशॉपला फोन केला.

आलेला माणूस उंच होता. दार पुरेसं उंच असूनही आत येताना त्याने डोकं जरा खाली घेतलं. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिच्या मात्र राहिलं.

"दाब गेला तरी हा खाली येत नाही," ती म्हणाली.

त्याने काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारली. "आतली नळी ताणली गेलीय. फार वर्षं दाबाखाली काढली की मोकळं झाल्याचं कळत नाही बिचाऱ्याला."

"बदलावा लागेल?"

"आधी समजूत काढून बघू. नाहीच ऐकलं तर बदलू."

तासाभराने काटा शून्यावर आला. पावती लिहायला जागा शोधत तो टेबलाच्या कोपऱ्याशी वळला आणि तिथेच थबकला. तिथे वार्तापत्राच्या उरलेल्या प्रतींचा गठ्ठा होता. वर एका युद्धनौकेचं जुनं, धूसर छायाचित्र.

"हे तुमच्याकडे कसं?"

"माझे बाबा काढतात, दर तीन महिन्यांनी. त्यांच्या जहाजावरच्या जुन्या लोकांसाठी. कोण कुठे आहे, कोणाला नातू झाला, कोण गेलं... टाइप मी करते."

त्याने पानं उलटली. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं, आणि तो बातम्या वाचणाऱ्याच्या गंभीर आवाजात वाचू लागला, "बंक बेचाळीस, वरचा. काटकोन यांचा विवाह गेल्या महिन्यात पार पडला. वधू शिक्षिका आहेत. उभयतांना शुभेच्छा." मग त्याने मान वर केली. "काय शिकवते?"

"कोण?"

"मुलगी. म्हणजे गणित की भाषा? लग्न झालंय तर निदान एवढं तरी ठाऊक असावं मला."

तिने गठ्ठ्यातली दुसरी प्रत उचलली आणि तीच ओळ शोधली.

"काटकोन मीच," तो म्हणाला. "बंक सहा फुटांचा, मी सहा फूट तीन इंच. चार वर्षं गुडघे मुडपून झोपलो. नाव पडायला तेवढं पुरलं."

तिचे कान तापले. पाण्यातल्या क्लोरीनचा आकडाही दोनदा तपासल्याशिवाय तिने कधी लिहिला नव्हता. आणि इथे एका धडधाकट माणसाचं लग्न लावून मोकळी झाली होती.

"मला... फार वाईट वाटतंय."

"माझ्या लग्नाचं?"

"चुकीचं."

"किती प्रती गेल्या?"

"एकशे बारा. शुक्रवारी."

"तरीच. सकाळपासून तीन फोन आले. 'काय लेका, ताकास तूर लागू दिली नाहीस.' मला वाटलं, यांना वयाने गाठलं." त्याला हसू आवरेना. "माझ्यापर्यंत अंक येतच नाही. चार वेळा पत्ता बदलला, कळवला एकदाही नाही. तेव्हा निम्मी चूक माझी."

तिने त्याच्या हातातली प्रत घेतली. त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली, आद्याक्षरं लिहिली.

तो तिच्या हाताकडे पाहत होता. "खालचं वाचता येईल अशी एकच रेघ. गिरवायचं नाही, खरवडायचं नाही. कुणी शिकवलं?"

"प्रयोगशाळेत असंच करतात. पण त्याच्या आधी, शाळेत असतानाच... बाबांनी."

"मला आमच्या मुख्य इंजिनिअरनी, चीफनी. इंजिनरूममध्ये, पहिल्याच आठवड्यात, कान धरून." आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "थांबा. तुम्ही चीफची मुलगी? रसायनशास्त्र, विद्यापीठात दुसरी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचा निकाल आला तेव्हा दोन्ही इंजिनं चालू होती. कानाशी तोंड नेल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. चीफनी एकेकाच्या कानात जाऊन सांगितलं. बावीस जणांच्या. मी विसावा."

* * *

संध्याकाळी घरी आल्यावर तिने कार्डांचा खोका उघडला. बाबांनी सगळ्या जहाजाची कार्डं बंकांच्या क्रमाने लावली होती. नावं विसरली तरी कोण कुठे झोपायचं हे त्यांना पक्कं आठवे. कुणाचा फोन आला की ते बातमी चिठ्ठीवर लिहायचे आणि त्या माणसाच्या कार्डाला टाचायचे.

बेचाळीस खालचा म्हणजे जहाजाचा मदतनीस स्वयंपाकी. लग्न त्याचं झालं होतं. चिठ्ठी मात्र बेचाळीस वरच्याला लागली होती. तिने कार्ड दिव्यासमोर धरलं. एकदा टाचलं की दोन भोकं पडतात. इथे सहा होती, वेडीवाकडी. म्हणजे तीन प्रयत्न.

समोर बाबा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. हल्ली ते कप दोन्ही हातांनीच धरत. तिने हेही वर्षभर पाहिलं होतं आणि कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं.

"बाबा, वरच्या-खालच्यात माझी गल्लत झाली या वेळी."

"तुझी?"

"टाइप मीच करते ना."

कप खाली ठेवताना बशी जरा जास्तच वाजली.

तिच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र होतं. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका जहाजावर रसायनतज्ज्ञाची जागा. वेगवेगळ्या खोलीचं पाणी वर काढायचं आणि त्यात काय विरघळलंय ते मोजायचं. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. हे पत्र तिला लागोपाठ तिसऱ्या वर्षी आलं होतं. पहिल्या वर्षी तिने मुदत वाढवून मागितली, दुसऱ्या वर्षी 'पुढच्या वेळी नक्की' असं कळवलं. या वेळी पत्राच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं: ही शेवटची विचारणा. उत्तरासाठी तीन महिने; शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

बाबा हे एक कारण होतं. दुसरं ती कुणाला सांगत नसे. तिची आई बाबांच्या सुट्टीसाठी कामांची यादी करून ठेवायची: गळका नळ, माळ्यावरची पेटी, अडकणारी कडी. बाबा आले की मात्र दोन दिवस यादी काढायची नाही, नुसती त्यांच्याकडे बघत बसायची. बाबा कायमचे घरी आले, आणि दोनच वर्षांत आई गेली. त्या घरात वाट बघणं कसं असतं हे तिला चांगलं माहीत होतं. ते आपण दुसऱ्या कुणाला करायला लावायचं...? त्यापेक्षा ड्रॉवर बंद केलेला बरा.

* * *

पुढच्या रविवारी काटकोन चीफना भेटायला आला, आणि मग दर रविवारी येऊ लागला.

दोघांच्या गप्पा म्हणजे बातम्या कमी आणि जहाज जास्त. वादळात बॉयलरचं पाणी संपत आलं तेव्हा आंघोळी बंद करून सगळे अकरा दिवस कसे उग्र वासात राहिले. एकाने मित्राचं प्रेमपत्र चोरून वाचलं आणि त्यातलं शुद्धलेखन सुधारून परत उशीखाली ठेवलं. शेवटच्या दिवशी इंजिनं थांबली तेव्हा त्या शांततेत कुणाला झोपच लागली नाही.

"चीफ रडले होते," तो एकदा म्हणाला.

"डोळ्यात तेल गेलं होतं," बाबा म्हणाले.

"दोन्ही डोळ्यांत?"

"इंजिनरूम होती ती. तेलाला काय तोटा."

बाबा इतकं हसलेले तिने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. आणि दुसरंही एक तिने पाहिलं. बाबांनी चिठ्ठी लिहिली की काटकोन बोलता बोलता ती हातात घ्यायचा आणि टाचून टाकायचा, जणू जवळ बसलेल्याने टाचायची असाच नियम होता. बाबांच्या हातांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. दोनच भोकं, सरळ रेषेत. ती नंतर कार्ड दिव्यासमोर धरून बघायची, आणि का बघतेय हे स्वतःला विचारायची नाही.

एका रविवारी पाऊस होता. बाबा आत झोपले होते. ती दोघं टेबलाशी बसून नव्या अंकाच्या पाकिटांवर पत्ते चिकटवत होती. खिडकीच्या काचेवरून थेंब एकमेकांत मिसळत खाली जात होते.

"दुरुस्ती छापताय का माझी?" त्याने विचारलं.

"छापायलाच हवी. 'बेचाळीस वरचे अविवाहित आहेत.'"

"थोडं थांबता आलं तर..."

"का?"

"आता अविवाहित छापायचं, मग परत बातमी बदलायची. कागद वाया जातो, संपादक बाई."

"बातमी कशाला बदलेल?"

"ते... संपादकांच्या हातात आहे."

तिच्या बोटाला डिंक लागला होता. पाकीट बोटाला चिकटून राहिलं. तिने ते सोडवलं नाही. मग ती उठली, खालचा ड्रॉवर उघडला आणि पत्र त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. "जायचंय तुम्हाला?"

"हे मी स्वतःलाही मोठ्याने सांगितलेलं नाही."

"चार महिने बाहेर, दोन घरी."

"हो. घरी थांबणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून आधीच सांगितलं."

तो लगेच काही गोड बोलेल असं तिला वाटलं. त्याने पत्राची घडी घालून ते तिच्यासमोर परत ठेवलं. "मला थोडे दिवस द्या," तो शेवटी म्हणाला. "आत्ता 'चालेल' म्हटलं, तर ते नुसतं चांगलं दिसावं म्हणून म्हटल्यासारखं होईल."

तो गेल्यावर तिने अंक छापायला पाठवला, दुरुस्तीसकट. जे खरं ते खरं. मात्र त्या माणसाला तिने त्या दिवशी जितकं ओळखलं, तितकं आधीच्या सगळ्या रविवारी मिळून ओळखलं नव्हतं.

* * *

पुढचा रविवार रिकामा गेला. "काटकोन नाही आला?" बाबांनी दोनदा विचारलं. "काम असेल," ती दोन्ही वेळा म्हणाली.

मुदतीचा शेवटचा दिवस गुरुवारी आला. तिने अर्धी रजा घेतली. का, ते बाबांनी विचारलं नाही. साडेतीनला दार वाजलं. तो वर्कशॉपच्या कपड्यांतच आला होता, बाहीला ग्रीस लागलेलं.

"बसतो जरा," तो म्हणाला, आणि बाबांसमोरच बोलायला लागला. "गेले दहा दिवस मी वहिनींच्या घरांचे उंबरे झिजवत होतो. आपल्या जहाजावरच्या सात जणांच्या घरी गेलो. त्यांना नाही भेटलो, त्यांच्या बायकांना भेटलो. म्हटलं, वहिनी, वाट बघणं म्हणजे काय असतं ते सांगा. तीन जणींनी आधी मला वेड्यात काढलं. मग बोलायला लागल्या तर थांबेनात. आपल्या वार्तापत्रात इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर नाही, चीफ."

बाबांनी मान हलवली. नाही, ते नव्हतं.

"बंक अठराच्या वहिनी म्हणाल्या, पहिले पंधरा दिवस घर मोठं वाटतं. मग त्या मोठ्या घराची सवय होते, आणि माणूस परत आला की तेच घर लहान पडतं. तेव्हा भांडायचं नाही, आठ दिवस दम धरायचा. मी लिहून घेतलंय. आणि एकतीसच्या वहिनी म्हणाल्या..." तो जरा थांबला. "म्हणाल्या, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारलंय. निम्मं ओझं तिथेच उतरलं."

बाबा खिडकीकडे बघत होते. "तुझ्या आईला मी कधी विचारलं नाही," ते तिला म्हणाले. "तारीख सांगायचो फक्त."

"बाबा..."

"आणि खालच्या ड्रॉवरमध्ये पत्रं तीन आहेत. हात थरथरतात म्हणून माझे डोळेही गेले असं समजू नकोस."

ती खुर्चीत बसली.

"मला वाट बघायची भीती नाही वाटत," काटकोन म्हणाला. "आता ते काय असतं ते ऐकून आलोय, तरी नाही. मी इथून दहा मिनिटांवर आहे, रोज संध्याकाळी येईन."

"मला राखणदार नकोय," बाबा म्हणाले.

"राखणदार कोण होतोय? चिठ्ठ्या कोण टाचणार?" मग तो तिच्याकडे वळला. "भीती एकाच गोष्टीची वाटते. तू आमच्यासाठी इथे थांबलीस, आणि दहा वर्षांनी कधीतरी समुद्राकडे बघून गप्प झालीस... तर मी काय करू?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. ते तिच्या लक्षात आलं, मग त्याच्या, आणि चीफच्याही. ते एकदम चष्मा पुसायला लागले.

पाच वाजायला वीस मिनिटं होती.

ती उठली. पत्रावरचा नंबर तिला पाठ होता, तरी तिने एकेक आकडा वाचून फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली.

"बोला," एक थकलेला आवाज आला.

तिने नाव सांगितलं, पत्राचा क्रमांक सांगितला.

"हो, हो. तुमची फाइल तिसरं वर्ष फिरतेय, बाई. काय कळवू साहेबांना?"

"मी येतेय."

"नक्की?"

"नक्की."

"मग येत्या पंधरा तारखेला रुजू व्हा."

"पंधरा दिवस उशीर चालेल?"

"चालेल, पण कारण लिहावं लागतं."

तिने मान वळवून मागे पाहिलं. तो उभा राहिला होता, ग्रीस लागलेली बाही दुसऱ्या हाताने धरून. त्याला अजून तिने काहीच उत्तर दिलेलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "लग्न."

"कोणाचं?"

"माझं."